मागे घेतलेलं यान

२०१७ सालच्या हिवाळ्यात, तलासरीतल्या एका शाळेच्या पटांगणात घातलेल्या मांडवात, आपल्या मूळ ग्रहाला कायमचा रामराम करून निघालेलं एक अंतराळयान रंगमंचाच्या मधोमध थांबलं, शिट्टीच्या इशाऱ्यावर मागे आलं आणि खांद्यावर लाल भोपळा घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला बसवून पुन्हा निघालं. यानाला कॅप्टन होता, एक शास्त्रज्ञ होता, तीन साधे प्रवासी होते आणि कंडक्टर होती. कंडक्टर मी होते. अंतराळयानाला कंडक्टर कशाला लागतो, हा प्रश्न परीक्षकांनीही नंतर विचारला होता. त्याचं उत्तर आमच्या घरात आहे.

सरावलीत आमचं घर आणि मोठ्या काकांचं घर एकाच अंगणात होतं. स्वयंपाकघरं दोन, पण जेवणं बहुतेक काकांच्या ओटीवर व्हायची, कारण तिथे घंटा होती. काका लाल गाडीच्या नोकरीत आधी कंडक्टर आणि मग बसस्थानकावर कंट्रोलर होते. ते निवृत्त झाले तेव्हा बरोबरच्या लोकांनी त्यांना मोडीत निघालेल्या एका गाडीची घंटा, दोरीसकट, भेट दिली होती. ती काकांनी स्वयंपाकघराच्या दारावर बसवली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला, हा नियम घरात सर्वांना लागू होता. भाकरी तव्यावरून उतरली की काकी दोन टोले द्यायची आणि आम्ही ताटांवर बसायचो. भात संपला की एक टोला. संध्याकाळी नागलीची भाकरी, सुकटीचं कालवण, कधी वालाचं बिरडं, आणि कोपऱ्यात गवतात पिकत घातलेल्या चिकूंचा गोड, किंचित आंबूस वास. मागून मालगाडी जायची तेव्हा फडताळातले पेले किणकिणायचे आणि ती संपेपर्यंत काका बोलायचे थांबायचे. मालगाडी उशिरा असेल तर ते तेही सांगायचे. आंघोळीचीही वेळ ठरलेली होती. माझे वडील एकदा आपल्या वेळेत न्हाणीघरात गेले नाहीत, तर काकांनी त्यांची पाळी रद्द केल्याचं अंगणातून जाहीर केलं होतं. वडील त्या दिवशी कामावर तसेच गेले.

जेवणानंतर काका आम्हा मुलांना फिरत्यांची गोष्ट सांगायचे. फिरते म्हणजे आकाशात फिरणारे लोक. ही गोष्ट त्यांनी कुठून आणली हे त्यांना विचारलं असता त्यांनी आकाशाकडे बोट केलं होतं. त्यापलीकडे माहिती मिळालेली नाही. फिरत्यांची यानं हजारो होती आणि प्रत्येक यानाच्या बाजूवर, दरवाज्याजवळ, बारीक अक्षरांत त्याच्या आगाराचं नाव रंगवलेलं असायचं. आगार म्हणजे फिरत्यांचा मूळ ग्रह. गुरूवर मुक्कामी गेलेलं यान सकाळी तिथून सुटणार, शनीच्या कड्याला वळसा घालणार, कड्यावरच्या लोकांची मुलं दोनशे वर्षांची असूनही ते अर्ध्या तिकिटाचा आग्रह धरणार, कंडक्टर त्यांच्याशी वाद घालणार. पण काही झालं तरी यान शेवटी आगारात येणार. धुलाई आगारात, डिझेल आगारात, टायर आगारात.

"यानाला टायर नसतात, काका," असं हितेश एकदा म्हणाला. हितेश डहाणूतल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, माझ्या वर्गातला, घरात गुजराती बोलणारा. आवाज एवढा मोठा की पुढे तोच कॅप्टन झाला.

"म्हणूनच पंक्चर झालं की त्यांची पंचाईत होते," काका म्हणाले आणि पुढे गेले.

त्या गोष्टीत एक यान होतं, त्याच्या अंगावरचं आगाराचं नाव गुरूवरच्या पावसात धुऊन गेलं. मग त्याला कुठल्याही ग्रहावर कोणी डिझेल देईना. कुठली गाडी, असं विचारलं की कॅप्टन गप्प. ते एका सूर्याकडून दुसऱ्या सूर्याकडे विचारत हिंडलं आणि शेवटी एका उल्केवर कोंबड्यांचं खुराडं म्हणून उभं राहिलं. ही गोष्ट आम्हाला फार करुण वाटायची. माझा धाकटा भाऊ त्यानंतर कित्येक दिवस शाळेच्या दप्तरावर, पाटीवर आणि एकदा कोंबडीवरही खडूने 'सरावली' लिहीत होता.

काकी ही गोष्ट ऐकताना शेंगा सोलायची आणि बोलायची नाही. तिचं माहेर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर. घरी भात आणि नागली, दारात भोपळ्याचे वेल. आई होती, आणि एक भाऊ, जानूमामा. जानूमामा आणि काका यांच्यात आमच्या लहानपणीच एक प्रकार घडला होता आणि त्यानंतर काकी माहेरी गेलेली नव्हती. प्रकार असा. भात झोडून झाल्यावर नव्या तांदळाचं पहिलं जेवण देवाला दाखवून करायचं, त्याला तिकडे 'नवं' म्हणतात. त्या वर्षी काकी नव्याला गेली होती. परत येताना जानूमामा तिला पोचवायला निघाला. तांदळाचं गाठोडं, एक कोंबडी आणि एक भोपळा असं सामान होतं. तलासरीच्या स्थानकावर दोघं गाडीत बसली. मामा सीटवर मांडी घालून बसायचा, म्हणून त्याने चपला काढून खाली ठेवल्या. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की भोपळा चहाच्या टपरीवर राहिला. तो अनवाणी उतरला आणि टपरीकडे गेला. गाडीची वेळ झाली होती. स्थानकावर त्या दिवशी कंट्रोलर होते काका. त्यांनी गाडी सोडली.

काकी, तांदूळ, कोंबडी आणि चपला डहाणूला पोचल्या. मामा अनवाणी, हातात भोपळा घेऊन, फलाटावर उभा राहिला. त्याने काकांना विचारलं, दाजी, हे काय. काकांनी त्याला वेळापत्रक दाखवलं. एवढ्यावरही मिटलं असतं. पण सीटखालच्या चपला काकी उतरल्यावरही गाडीतच राहिल्या, आणि गाडी परत आल्यावर काकांनी त्या सापडलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवल्या आणि मेहुण्याला निरोप पाठवला की येऊन ओळख पटवून घेऊन जा. मामाने उलट निरोप पाठवला की ती गाडी मला घ्यायला मागे येईल तेव्हाच मी तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवीन. काका म्हणाले, सुटलेली गाडी मागे येत नसते. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी नेमकं होतं, आणि त्यामुळेच त्यात पुढे काही होण्यासारखं नव्हतं.

काकी एकटी माहेरी का जात नव्हती, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. लेकीला माहेरी न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याशिवाय गेलेली बाई रुसून आली असं समजतात आणि शेजारणी विचारायला येतात. काकीचा मुराळी जानूमामा होता, आणि जानूमामा काकांच्या उंबऱ्याला पाय लावणार नव्हता. म्हणून दर वर्षी भात झोडला जायचा, नवं व्हायचं आणि काकी सरावलीत शेंगा सोलत असायची. नाटकाच्या वर्षी मात्र तिच्या आईचा निरोप आला. निरोप बाजाराला आलेल्या एका बाईने ओटीवर उभं राहून, पाणी पिण्याआधी सांगितला. आय म्हणते, नवं अजून केलं नाय, थांबवलंय, लेक येऊ दे. डोळ्याला आता कमी दिसतं. पुढच्या साली मी हाय का नाय ते सांगत नाय. काकीने तिला पाणी दिलं, मग चहा दिला. काकांनी सगळं ऐकलं होतं. ते उठून अंगणात गेले आणि नसलेली एक गाडी येते का ते बघत उभे राहिले.

त्याच सुमाराला शाळेत राऊत सर आम्हाला विज्ञान शिकवत होते. ते बोर्डीहून बसने यायचे, पिशवीत बागेतले चिकू आणायचे आणि बरोबर उत्तराला एक चिकू द्यायचे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या शाळांची विज्ञान नाटकांची स्पर्धा तलासरीला होणार होती आणि विषय होता उद्याचं विश्व. मी सरांना फिरत्यांची गोष्ट सांगितली. सरांना ती आवडली, फक्त तिचा गाभा त्यांना चुकीचा वाटला. एवढी पुढारलेली माणसं, जी ताऱ्यांपर्यंत जातात, ती एका जुन्या ग्रहाला कशाला चिकटून बसतील? सरांनी लिहिलेल्या नाटकात फिरते शेवटी कॅप्टनच्या तोंडून जाहीर करतात की त्यांना आता कुठल्याच ग्रहाची गरज नाही, जिथे यान तिथे घर. आणि यान निघून जातं, पडदा. सर स्वतः बोर्डीबाहेर बदली होऊ नये म्हणून दोनदा वरपर्यंत जाऊन आले होते, असं हितेश सांगायचा. याला दुजोरा मिळालेला नाही.

गोष्ट काकांची, म्हणून सर शेवट सांगायला एका रविवारी आमच्याकडे आले. काकीने घंटेचे दोन टोले दिल्यावर ते दचकले, पण जेवले. मग वाद झाला. सर मूळ ग्रहाला मातृग्रह म्हणत होते आणि काका आगार. सरांचं म्हणणं, मातृग्रह ही केवळ भावना आहे. प्राणवायू, पाणी, अन्न हे यानातच तयार होऊ शकतं. काकांचं म्हणणं, भावनेचा संबंध नाही, प्रश्न टायरचा आहे. सरांनी विचारलं की प्रत्येक यान स्वतःचं आगार का होऊ शकत नाही. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, जसं बिनतिकीट प्रवाशाकडे पाहतात तसं. मग ते म्हणाले की सर, गाडी स्वतःलाच कामावर लावायला लागली तर उद्या ती स्वतःलाच रजा देईल.  तेव्हा काकी बोलली. ती शेंगा सोलत होती आणि तिने वर पाहिलं नाही.

"प्राणवायू नि टायर तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "त्या ग्रहावरनं कोणी न्यायला येतं का, तेवढं सांगा. न्यायला येणारं माणूस नसल, तर तो ग्रह असला काय नि नसला काय."

फडताळातले पेले किणकिणले. मालगाडी गेल्यावर ती उशिरा असल्याचं काकांनी सांगितलं.

तालमी आमच्या अंगणात झाल्या. यान पुठ्ठ्याचं होतं आणि ते काकांच्या हातगाडीवर बसवलं होतं. पुढून दोरीने दोन मुलं ओढायची. काकांनी अट घातली की यान घंटेवर चालेल, आणि म्हणून कंडक्टर आली. घंटा स्वयंपाकघरातून काढून पडद्यामागे नेण्यात आली. आठवडाभर आम्ही अंदाजाने जेवलो. पडद्यामागे एक मोठा माणूस असलेला स्पर्धेच्या नियमात चालत होता, तेव्हा घंटा आणि माईकवरच्या सूचना काकांकडे आल्या. कपडे काकीने शिवले. चिप्सच्या पाकिटांची आतली चंदेरी बाजू वर घेऊन तिने सहा अंगरखे केले, ते हलताना एवढे कुरकुरायचे की यानातलं कोणाचंही बोलणं मागच्या रांगेपर्यंत गेलं नसतं, हितेशचं गेलं. कॅप्टनला चंदेरी पादत्राणं हवी होती. काकी आत गेली आणि ट्रंकेतून एक चपलांचा जोड घेऊन आली, जाड टायरच्या तळाचा. बेवारस वस्तू म्हणून तो विकला जाण्याआधी काकांनी तो घरी आणला होता, हे तेव्हा आम्हाला कळलं. काकांनी त्याकडे पाहिलं. काकी म्हणाली, पडून राहून काय होणार. हितेशने पाण्याच्या टाकीला लावायच्या रंगाने त्या चपला चंदेरी केल्या.

मातृग्रह मी आणि माझ्या भावाने केला. तारेचा सांगाडा, त्यावर वर्तमानपत्र आणि खळ, वरून निळा रंग. आता मी वर्तमानपत्रात काम करते आणि तिथे कागदाच्या आयुष्याबद्दल बऱ्याच गोष्टी ऐकते. इतक्या बातम्या एका ग्रहात गेल्याचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. हितेशने त्यावर पिवळ्या रंगात महाराष्ट्र काढला, म्हणजे लोकांना ग्रह ओळखू येईल. मग घरी ऐकून घ्यावं लागू नये म्हणून वर थोडासा गुजरातही काढला.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही डहाणूहून तलासरीच्या गाडीत बसलो. यान आदल्या दिवशीच टेम्पोने गेलं होतं. ग्रह आम्ही खिडकीशी एका सीटवर ठेवला आणि भाऊ त्याला धरून बसला. काकी येणार नाही असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. ती कपड्यांची पिशवी घेऊन सर्वांच्या आधी थांब्यावर उभी होती. पोरांना कपडे कोण घालणार, एवढंच ती म्हणाली. गाडी हायवेला लागली तशी गर्दी वाढली. उभ्या माणसांकडे काका बघत होते. आपण निवृत्त आहोत हे त्यांना माहीत होतं, असं मानायला जागा आहे. तरीही त्यांचा हात खिशातल्या शिट्टीकडे गेला. शेवटी ते उठले.

"सामानाने सीट अडवायची नाही," ते म्हणाले. "ग्रह मागे ठेवा."

राऊत सर म्हणाले की हा मातृग्रह आहे. काका म्हणाले की तिकीट काढलंय का त्याचं. कंडक्टर, जो काकांच्या हाताखाली शिकलेला होता, दुसरीकडे बघू लागला. ग्रह मागच्या सीटच्या मागे, सामानात गेला. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन घेऊन निघालेलं एक मोठं कुटुंब चढलं. त्यांच्याकडे नारळांचं पोतं होतं. ते पोतंही, नियमाप्रमाणे, सामानात गेलं.

तलासरीला उतरल्यावर ग्रह बाहेर काढला तेव्हा तो भाकरीसारखा झाला होता. महाराष्ट्र खालच्या बाजूला होता. सर म्हणाले की ग्रह गुरुत्वाकर्षणामुळे गोल असतात, आणि एवढं बोलून ते एका कट्ट्यावर बसले. नाटकाची सुरुवात ग्रहापासून होती, शेवट ग्रहाचा निरोप घेऊन होता, मधलं सगळं बोलणं ग्रहाबद्दल होतं. कोणी म्हणालं, चेंडू घ्या. चेंडू फार लहान होता. तेवढ्या ग्रहाला सोडून जायला कोणाला दुःख होईना. तेव्हा काकीने सांगितलं की माझ्या भावाकडे माळ्यावर लाल भोपळे ठेवलेले असतात, एकेक घागरीएवढा. एवढं बोलून ती पिशवीतून अंगरखे काढू लागली. ती स्वतः जाणार नव्हती हे काकांना कळलं आणि आम्हालाही कळलं. पाडा तिथून रिक्षाने जवळ होता. सर जायला तयार झाले. काकीने त्यांना घराची खूण सांगितली आणि निरोप सांगितला: बहिणीला भोपळा पाहिजे, एवढंच सांगा. कशाला ते सांगू नका.

राऊत सर खोटं बोलत नसत आणि अर्धंही बोलत नसत. पाड्यावर काय झालं ते त्यांनी नंतर आम्हाला सांगितलं, त्यावरून पुढचं लिहिते. जानूमामा अंगणात सूप दुरुस्त करत होता. सरांनी त्याला सांगितलं की आमचा मातृग्रह नारळाखाली चेपला, फिरते लोक खोळंबले आहेत, आणि तुमच्या बहिणीला भोपळा पाहिजे. मामाने पहिल्या दोन गोष्टी सोडून दिल्या. कुठं हाय ती, असं त्याने विचारलं. शाळेत, सर म्हणाले. मामाने विचार केला. शाळेचा उंबरा हा दाजींचा उंबरा नव्हता. तो माळ्यावर चढला, सगळ्यात मोठा भोपळा त्याने निवडला आणि सरांनी हात पुढे केले तरी त्यांच्याकडे दिला नाही. बहिणीला द्यायची वस्तू आपल्या हाताने द्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. घरातून त्याची आई ओरडून विचारत होती, कोण आलंय. मामाने सांगितलं, येतो.

इकडे आमच्या आधीचा संघ आला नाही म्हणून आमचं नाव लवकर पुकारलं. ग्रह नव्हता, सरही नव्हते. काका म्हणाले, वेळ झाली, सुरू करा. मग ग्रह नसलेल्या जागेकडे बघून आम्ही नाटक सुरू केलं. हितेशने रिकाम्या स्टुलाकडे हात करून सांगितलं की हा पाहा आपला निळा मातृग्रह. पुढच्या रांगेतल्या लोकांनी स्टूल नीट पाहून घेतलं. आम्ही शनीला वळसा घातला, मी अर्ध्या तिकिटावरून भांडले, त्याला टाळ्या पडल्या, आणि आम्ही शेवटाला आलो. हितेश यानात उभा राहिला, चंदेरी चपला पुढे करून, आणि म्हणाला की आम्हाला आता कुठल्याच ग्रहाची गरज नाही, जिथे यान तिथे घर. काकांनी माईकवर सूचना दिली की यान सुटत आहे. दोन टोले पडले. पुढच्या मुलांनी दोरी ओढली आणि आम्ही निघालो.

मांडवाच्या मागच्या बाजूने, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, जानूमामा येत होता. खांद्यावर भोपळा होता, मागे राऊत सर धापा टाकत होते. मामा धावत नव्हता. मी यानाच्या दारात उभी होते, त्यामुळे मला मामाही दिसत होता आणि विंगेत घंटेची दोरी धरून उभे असलेले काकाही. मामा रंगमंचाच्या पुढ्यात येऊन थांबला. काकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. ही गोष्ट मी खात्रीने सांगू शकते, कारण त्यांनी घड्याळाकडे न पाहण्याचे प्रसंग फार नव्हते. यान मधोमध आलं होतं. एक टोला पडला.

दोरी ओढणारी मुलं थांबली, कारण आठवडाभर त्यांना तेच शिकवलं होतं.  मग माईकवर काकांचा आवाज आला.

"पाव्हणं, गाडी थांबलीय. चढा."

मामाने भोपळा खांद्यावरून उतरवला नाही. "दाजी," तो म्हणाला, "सुटलेल्या गाडीमागं मी जात नाय. गाडी मागं घ्या."

काकी विंगेच्या दुसऱ्या बाजूला, अंगरख्यांच्या पिशवीशी उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं. माईक चालूच होता, त्यामुळे काकांचा श्वास सगळ्या मांडवाला ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "कंडक्टर, खाली उतरा. गाडी मागे घ्या."

गाडी मागे घेताना कंडक्टरने खाली उतरून, मागे जाऊन शिट्टी द्यायची असते. चालकाने स्वतःच्या मनाने मागे यायचं नसतं. मी उतरले. काकांनी विंगेतून त्यांची स्वतःची शिट्टी माझ्याकडे टाकली. मी शिट्टी वाजवली, हातगाडी उलटी ढकलायला सुरुवात झाली, आणि मी पुठ्ठ्यावर थापा मारत ओरडले, येऊ दे, येऊ दे. मांडवातली सगळी माणसं आयुष्यभर लाल गाडीने फिरलेली होती. मागच्या रांगांतूनही येऊ दे, येऊ दे सुरू झालं. परीक्षकांपैकी एक बाई उभ्या राहून डाव्या हाताने थोडं डावीकडे घ्या असं सांगत होत्या. यान स्टुलाजवळ आलं, तेव्हा मांडवातूनच कोणीतरी म्हणालं, बस.

मामा रंगमंचावर चढला आणि त्याने भोपळा स्टुलावर ठेवला. हितेश भोपळ्याकडे बघत गुजरातीत म्हणाला, आ तो कोळुं छे, म्हणजे हा तर भोपळा. मग भानावर येऊन त्याने तोच मातृग्रह असल्याचं जाहीर केलं. मामाचं लक्ष कॅप्टनच्या पायांकडे होतं.

"ह्या माझ्या हायेत," तो म्हणाला.

"ओळख पटली," काका माईकवर म्हणाले.

हितेशने चपला काढून दिल्या. मामा मुद्दाम अनवाणी आला होता की घाईत चपला राहिल्या होत्या, हे मला कळलं नाही. त्याने चंदेरी चपला पायात घातल्या, यानात चढला आणि सीट नसल्याने माझ्या जागेवर मांडी घालून बसला. दोन टोले पडले. या वेळी यान रंगमंचाबाहेर गेलं.

आमचं नाटक स्पर्धेतून बाद झालं. वेळ संपली होती आणि यादीत नाव नसलेलं एक पात्र आलं होतं. निकाल सांगताना परीक्षकांनी राऊत सरांना विचारलं की या संस्कृतीला शेवटी मूळ ग्रहाची गरज आहे की नाही, लेखकाची नक्की भूमिका काय. सर म्हणाले की भूमिका बदलली आहे. बोर्डीला जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे त्यांनी परीक्षकांनाच विचारलं.

मांडवाबाहेर चहाच्या टपरीवर काका आणि मामा यांनी चहा घेतला.  काकांनी नवा जोड घेऊन देण्याची तयारी दाखवली, मामा म्हणाला हाच बरा हाय, रात्री वाटेवर दिसेल. मग मामा काकीकडे वळून म्हणाला, न्यायला आलोय. काकीने पिशवी उचलली. अंगरखे तिने आमच्याकडे दिले तेव्हा पिशवी रिकामी झाली नाही. तळाशी दोन घडीची लुगडी होती, आईसाठी घेतलेला चष्मा होता आणि सुकटीची पुडी होती. ती दोघं रिक्षात बसून डोंगराच्या दिशेने गेली. चपला रिक्षाबाहेर लकाकत होत्या.

भोपळा मामाने परत नेला नाही. दिलेला होता.

संध्याकाळची डहाणूची गाडी तलासरीहून वेळेवर सुटली. काकी तिच्यात नव्हती. काकांच्या शेजारच्या सीटवर, खिडकीशी, भोपळा होता. विवळवेढ्याला गर्दी चढली, लोक उभे राहिले, कंडक्टरने काकांकडे पाहिलं. काकांनी भोपळ्याचं पूर्ण तिकीट काढलं आणि तो डहाणूपर्यंत सीटवरच आला.